फांदी झाली, खोड राहून गेलं: डेट्रॉईटच्या पीपल मूव्हरची गोष्ट

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराच्या मध्यभागी, रस्त्यांच्या डोक्यावरून, एक छोटी गाडी गोल गोल फिरते. तिला चालक नाही. मार्ग ४.७ किलोमीटरचा, स्थानकं १३, आणि पूर्ण फेरी जेमतेम पंधरा मिनिटांची. नाव पीपल मूव्हर. ३१ जुलै १९८७ रोजी ती सुरू झाली. रोज ६७,७०० प्रवासी मिळतील, असा अंदाज बांधणी मंजूर होताना मांडला होता. सुरू झाल्यावर वर्षभरात रोजचा प्रत्यक्ष आकडा निघाला ११,३०० च्या आसपास. सहा माणसं येतील म्हणून पानं मांडावीत आणि एकच यावा, तसं झालं. पुढे तोही आकडा टिकला नाही. २००८ पर्यंत तो आणखी खाली आला होता.

या गाडीची चेष्टा करणं अमेरिकेत फार सोपं आहे. ‘कुठूनच निघून कुठेच न जाणारी गाडी’ असं तिच्याबद्दल सर्रास बोललं जातं. पण यंत्र म्हणून ती मुळीच वाईट नाही. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांताच्या सरकारी कंपनीने घडवलेलं हे तंत्र आहे. व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५ च्या अखेरीस याच तंत्रावर सुरू झाली आणि आज ती त्या शहराचा कणा आहे. डब्याखाली रेषीय मोटर असते. नेहमीच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाभोवती चुंबकीय क्षेत्र फिरतं. इथे तीच मोटर उलगडून सपाट केलेली असते. विजेची वेटोळी डब्याच्या पोटाला, आणि दोन रुळांच्या मधोमध धातूची एक आडवी पट्टी. वेटोळ्यांतलं चुंबकीय क्षेत्र पुढे सरकतं, पट्टीत विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि त्या ओढीने डबा पुढे जातो. चाकं फक्त वजन पेलतात, ढकलण्याचं काम त्यांच्याकडे नसतं. त्यामुळे चाक रुळावर घसरलं तर काय, ही चिंता मिटते आणि चढही सहज चढता येतो. मोटर आणि पट्टीमध्ये हवेची फट ठेवावी लागते, म्हणून वीज थोडी जास्त लागते, एवढाच तोटा.

मग एकाच घरातली दोन भावंडं, एक शहराचा कणा आणि दुसरं चेष्टेचा विषय, असं का? उत्तर न बांधलेल्या मार्गांत आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारने शहरांच्या मध्यवस्तीसाठी अशा छोट्या स्वयंचलित गाड्यांची योजना काढली. क्लीव्हलंड, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, सेंट पॉल अशी मोठी नावं निवडली गेली, आणि त्या चारही ठिकाणी योजना कागदावरच संपली. गाड्या प्रत्यक्षात धावल्या त्या मायामी, डेट्रॉईट आणि जॅक्सनव्हिल या तीन शहरांत.

डेट्रॉईटच्या आराखड्यात ही गोल गाडी मुख्य नव्हतीच. मुख्य होता वुडवर्ड अव्हेन्यूने उत्तरेकडे उपनगरांत जाणारा जलद रेल्वेमार्ग, काही भाग जमिनीखालून. १९७६ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या प्रदेशाच्या वाहतुकीसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले होते. उपनगरातून माणूस मोठ्या गाडीने मध्यवस्तीत येईल, तिथे उतरून छोट्या गाडीने कचेरीच्या दारापर्यंत जाईल, अशी कल्पना. झाडाला खोड आणि वर फांद्या. मात्र शहर आणि उपनगरं यांचं एकमत होईना. मार्ग जमिनीखालून की वरून, खर्च कोणाचा, कारभार कोणाच्या हाती, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. त्यामागे गोरी उपनगरं आणि कृष्णवर्णीय शहर यांच्यातला अविश्वासही होता. तो वगळून ही गोष्ट सांगता येत नाही. दरम्यान वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं आणि पैशाचा ओघ आटला. खोड झालंच नाही. फांदी तेवढी सुमारे २० कोटी डॉलर खर्चून उभी राहिली.

उरलंसुरलंही तोवर गेलं होतं. वुडवर्डवरच्या ट्राम १९५६ मध्ये बंद करून डबे मेक्सिको सिटीला विकले होते. पाँटियाकहून डेट्रॉईटला येणारी उपनगरी रेल्वे १९८३ मध्ये थांबली, म्हणजे पीपल मूव्हर सुरू होण्याच्या चार वर्षं आधी. त्याच वर्षी मध्यवस्तीतलं प्रचंड हडसन्स दुकान बंद झालं. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेलं शहर १९८० मध्ये बारा लाखांवर आलं होतं.

आता त्या वर्तुळाचा हिशेब करू. ४.७ किलोमीटर परीघ म्हणजे व्यास साधारण दीड किलोमीटर. म्हणजे एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत चालत गेलात तर वीस मिनिटं लागतील, आणि बहुतेक ठिकाणं त्याहून जवळच. मार्ग एकेरी आहे, गाडी एकाच दिशेने फिरते. पुढच्या स्थानकावर जायला मिनिटभर. मागच्या स्थानकावर जायचं असेल तर जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा. सगळी स्थानकं सारख्या अंतरावर आहेत असं धरलं, तर कुठूनही कुठेही जायला सरासरी अर्धी फेरी, साडेसात मिनिटं. दुहेरी मार्ग असता तर जवळची दिशा निवडता आली असती आणि हाच वेळ निम्म्यावर आला असता. त्यावर जिना चढणं आणि वाट पाहणं आलं. वाहतूक नियोजनात वाट पाहण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या एका मिनिटापेक्षा साधारण दुप्पट जड धरतात, कारण माणसाला ते तसंच जाणवतं. एवढं सगळं मिळवलं की पायी जाणं बरं ठरतं. स्वतःच्या मोटारीने आलेल्याने तर ती कचेरीपाशीच उभी केलेली असते. त्याला ही गाडी लागावी कशाला?

मायामीत चित्र वेगळं दिसतं. तिथेही पहिले आकडे निराशाजनकच होते. रोज ४१,००० प्रवाशांचा अंदाज, प्रत्यक्षात ११,००० च्या आत. पण तिथली छोटी गाडी, मेट्रोमूव्हर, १९८६ मध्ये सुरू झाली तेव्हा मेट्रोरेलचा मोठा मार्ग दोन वर्षांपूर्वीच तयार होता, आणि प्रवासी एकातून दुसरीत चढू शकत होते. १९९४ मध्ये उत्तरेला आणि दक्षिणेला फाटे वाढवले. २००२ मध्ये तिकीट काढून टाकलं. ब्रिकेल भागात टोलेजंग इमारती उठल्या, माणसं तिथेच राहू लागली. त्या योजनेतल्या तीन शहरांत ही एकच गाडी खऱ्या अर्थाने रोजच्या उपयोगाची झाली.

तरीही सगळा दोष न झालेल्या खोडावर ढकलता येणार नाही. १९८९ मध्ये अमेरिकी वाहतूक खात्यासाठी डॉन पिकरेल यांनी दहा रेल्वे प्रकल्पांचे अंदाज आणि वास्तव शेजारी ठेवून पाहिले. अंदाज जवळजवळ सगळीकडे फुगवलेले होते, बहुतेक ठिकाणी दुपटीहून जास्त. बांधकामाचा मोठा वाटा केंद्राकडून येतो, आणि तो मिळतो मोठा आकडा दाखवणाऱ्याला. मग आकडा मोठा निघाला नाही तरच नवल. गणित कमी पडतं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे सुरू होण्यापूर्वी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी लोक वाहन कसं निवडतात याचं प्रतिमान मांडून प्रवाशांतला तिचा वाटा ६.३ टक्के काढला होता. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात निघाला ६.२. मॅकफॅडन यांना पुढे, २००० साली, नोबेल मिळालं. मुंबईच्या मोनोरेलचा अनुभव असलेल्या वाचकाला यातलं काही नवं वाटणार नाही.

डेट्रॉईटने नंतरही प्रयत्न केले, आणि त्यातले बरेच अर्ध्यावर राहिले. वुडवर्डवरून शहराच्या उत्तर सीमेपर्यंत, ‘एट माइल’ नावाच्या रस्त्यापर्यंत, जाणाऱ्या हलक्या रेल्वेची योजना २०११ च्या डिसेंबरमध्ये रद्द झाली. तिच्या जागी २०१७ मध्ये पाच किलोमीटरहून थोडी लांब क्यूलाइन ट्राम आली. संपूर्ण प्रदेशासाठी वाहतूक कर बसवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात अगदी थोडक्यात पडला. त्याच सुमारास पीपल मूव्हरचं हक्काचं गिऱ्हाईकही गेलं. आइस हॉकीच्या सामन्यांच्या रात्री हिचे डबे खच्चून भरत, कारण जो लुई अरीना वर्तुळाच्या काठावरच होता. २०१७ मध्ये रेड विंग्ज संघ नव्या मैदानात गेला, आणि ते मैदान वर्तुळाबाहेर, उत्तरेला, वुडवर्डवर आहे. इमारती हलतात, काँक्रीटच्या खांबांवरचा मार्ग हलत नाही.

करोनाच्या काळात गाडी दोन वर्षांहून अधिक काळ बंद होती. २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीपासून तिकीटही गेलं. तसाही तिकिटाचा पैसा किरकोळच होता. २००० च्या आसपास ५० सेंटच्या तिकिटामागे शहर तीन डॉलर घालत होतं. सुट्या भागांची अडचण मोठी, कारण हे जुने डबे आता कोणी बनवत नाही. योगायोग असा की टोरंटोचा स्कारबरो मार्ग, याच तंत्राचा, जुलै २०२३ मध्ये डबा घसरल्यावर कायमचा बंद झाला. त्याचे वापरलेले डबे डेट्रॉईटने विकत घेतले आहेत.