औषधप्रतिरोधी क्षयरोगावरील नवे उपचार : सातारा आणि सांगली

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी बेडाक्विलिन, डेलामॅनिड आणि प्रीटोमॅनिड ही नवी औषधे राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आणण्याची प्रक्रिया. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना जंतू जुमानत नसतील, तर तो बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोग. दवाखान्यात आणि घरातही त्याचे नाव ‘एमडीआर’. कोर्स अर्धवट सोडणाऱ्यालाच तो होतो हा समज पक्का आहे, पण खरा नाही. आयुष्यात टीबीची एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही दुसऱ्याच्या खोकल्यातून प्रतिरोधी जंतू मिळू शकतात.

या दोन जिल्ह्यांचा क्षयरोगाशी संबंध औषधांच्याही आधीचा. हवापालट हाच उपचार होता त्या काळात, 1912 मध्ये, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. मिरजेत मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला मिळाले. तेथेही क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते.

प्रतिरोधी क्षयरोगाचे उपचार सरकारी कार्यक्रमात 2007 पासून, प्रथम महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये, मिळू लागले. ते सोसणे कठीण होते. कोर्स दोन वर्षांचा किंवा त्याहून लांब. त्यात पहिले सहा महिने तरी कॅनामायसिनचे इंजेक्शन. टीबी बरा झाला पण ऐकू येईनासे झाले, असे अनेकांच्या वाट्याला आले. 

बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर 2012 मध्ये मान्यता मिळाली. क्षयाच्या जंतूची ऊर्जानिर्मितीच बंद पाडणारे, चाळीसहून अधिक वर्षांनी आलेले हे नव्या गटातले औषध. भारतात ते मार्च 2016 मध्ये आले, तेही देशभरात फक्त सहा केंद्रांवर. इतका हात आखडता घेण्यामागे कारण होते. हे औषध शरीरातून फार सावकाश उतरते. शेवटच्या गोळीनंतरही कित्येक महिने थोडे थोडे रक्तात राहते. रुग्णाने मध्येच कोर्स सोडला, तर जंतूंना त्या अपुऱ्या मात्रेची सवय होऊन हेही औषध निकामी होण्याची भीती होती. शिवाय हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणून वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो.

भीती खोटी नव्हती, पण तिची किंमत रुग्णांनी मोजली. पाटण्याच्या 18 वर्षांच्या एका मुलीसाठी तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी 2017 मध्ये औषधाचा मार्ग मोकळा झाला. ती दिल्लीची रहिवासी नाही, ही अडचण तिला दिल्लीच्या रुग्णालयात सांगितली गेली होती.

रहिवासाचा हा मुद्दा साताऱ्या-सांगलीत विशेष बोचतो. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरातली माणसे मुंबईत माथाडी कामाला. प्रतिरोधी क्षयरोगाचा जोर मुंबईत मोठा. उलट कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या इकडे येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की निघून जातात. यातल्या कोणाचाही कोर्स एका गावात पुरा होईलच असे नाही. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीमुळे रुग्णाचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो आणि उपचार दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येतात. कागदावर ही सोय चोख आहे. पण निघण्यापूर्वी रुग्णाने आशाताईंना सांगितले, तरच ती चालते.

नव्या औषधाच्या आधी नवी तपासणी लागते. थुंकीतील जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतात की नाही, हे सिबिनॅट यंत्र सुमारे दोन तासांत सांगते. ट्रूनॅट हे त्याच कामाचे भारतीय बनावटीचे, बॅटरीवरही चालणारे यंत्र. इतर औषधांबद्दलची खातरजमा मात्र मोठ्या प्रयोगशाळेत होते. प्रतिरोधी क्षयरोगाची केंद्रे बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. जतच्या पूर्वेकडील गावातून मिरजेला एका ईसीजीसाठी जाऊन यायचे, तर मजुरीचा दिवस मोडतो.

पुढे इंजेक्शन वगळून केवळ गोळ्यांचे 18 ते 20 महिन्यांचे उपचार आले. जुलै 2023 मध्ये बेडाक्विलिनचे मूळ पेटंट संपले. ते वाढवून घेण्याचा कंपनीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये फेटाळला होता. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला मान्यता दिली. कोर्स छोटा झाला तरी सौम्य झाला असे नाही. लिनेझोलिडमुळे तळपायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, कधी नजर अधू होते. असे काही जाणवले तर गोळ्या मनाने बंद न करता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सांगायचे असते. गरोदर स्त्रिया, 14 वर्षांखालील मुले, तसेच मेंदूचा किंवा हाडांचा क्षय असलेले रुग्ण या कोर्सच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळा, बहुधा लांबचा कोर्स ठरवतात.