लिफाफ्यावरचा पत्ता आणि पत्रातला पत्ता

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी मी गेल्या हंगामात एक छोटा प्रोग्राम लिहिला. संत्र्यांचा लिलाव आटोपला की दिवसाचे भाव कळवणारे पत्र प्रत्येक बागायतदाराला आपोआप ई-मेलने जावे, एवढेच काम होते. पायथॉन भाषेबरोबर ‘एसएमटीपीलिब’ ही ई-मेल पाठवण्याची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आयतीच मिळते, त्यामुळे वीसेक ओळींत ते भागले.

ही लायब्ररी स्वतः पत्र पोहोचवत नाही. ती मेल-सर्व्हरशी ठरावीक संवाद करते, आणि त्या संवादाची रीत संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवलेली आहे. सर्व्हरच्या ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे पत्रे स्वीकारण्याच्या दारावर, जोडणी करून, ती कूटबद्ध करून आणि पासवर्ड देऊन झाला की प्रोग्राम ‘मेल फ्रॉम’ म्हणत पाठवणाऱ्याचा आणि ‘आरसीपीटी टू’ म्हणत घेणाऱ्याचा पत्ता सांगतो; सर्व्हर प्रत्येक वेळी २५० हा आकडा, म्हणजे होकार, परत देतो. मग ‘डेटा’ म्हटले की ३५४ येतो आणि पत्राचा मजकूर सुरू होतो. एका ओळीत नुसता टिंब आला की पत्र संपले. (मजकुरातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल, तर पत्र तिथेच संपले असे सर्व्हरला वाटू नये म्हणून लायब्ररी तो टिंब गुपचूप दुप्पट करते.)

म्हणजे संवादात सांगितलेला पत्ता हा लिफाफा. मजकुराच्या माथ्यावरचे ‘टू’ हा पत्राचाच भाग. सर्व्हर पत्र पोहोचवताना लिफाफा पाहतो. माझी चूक इथेच झाली. पत्र एकदाच तयार करून प्रत्येक फेरीत मी त्याच्या ‘टू’मध्ये नवा पत्ता घालत होतो. पायथॉनमध्ये पत्र तयार करण्याच्या जुन्या ‘माइमटेक्स्ट’ प्रकारात असे केल्याने आधीचा पत्ता बदलत नाही, त्याखाली आणखी एक ‘टू’ जोडला जातो. लिफाफे बरोबर असल्याने पत्रे योग्य माणसाला पोहोचली. पण पाचव्या बागायतदाराच्या पत्रात आधीच्या चौघांचे पत्तेही होते, आणि अडत्याकडे कोण कोण माल आणतो हे त्याला घरबसल्या समजले. अडत्याचा फोन अर्थातच लगेच आला.

‘बीसीसी’ची गुप्त प्रत याच फटीवर चालते: पत्ता लिफाफ्यावर असतो, पत्रात नसतो. खोट्या नावाने येणारी पत्रेही हीच फट वापरतात. नव्या ‘ईमेलमेसेज’ प्रकारात दुसरा ‘टू’ घालू गेल्यास प्रोग्राम तिथेच चूक दाखवून थांबतो. मी आता तोच वापरतो, आणि प्रत्येकासाठी पत्र नव्याने तयार करतो.