बुबुळ बदललंय, मोतीबिंदू नाही काढला!

मोतीबिंदूचं ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. आजी सकाळी गेली, दुपारी डोळ्याला पट्टी लावून घरी आली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि म्हणाली, "अगं बाई, भिंतीचा रंग एवढा उडालाय?" महिना-दीड महिना थेंब, मग चष्म्याचा नंबर, झालं.

घोटाळा होतो तो हाच हिशेब बुबुळाला लावला की. माझ्या मावसभावाची निफाडकडे द्राक्षबाग. छाटणीत डोळ्याला काडी लागली, बुरशीचा संसर्ग झाला. तो आटोक्यात आला, पण डोळ्यात पांढरं फूल राहिलं. पुढे नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवलं. तिसऱ्या आठवड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: "अजून नीट दिसत नाही? म्हणजे फसलं का?"

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. "डोळा बदलला" म्हणू नका, या ऑपरेशनात अख्खा डोळा बसवत नाहीत. बदलतात ते बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या अंगाची पारदर्शक काच, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात. रंग तिच्या मागच्या पडद्याला असतो, म्हणून "दात्याचे डोळे घारे असले तर?" ही काळजी सोडा. मोतीबिंदू होतो तो त्याच्याही मागच्या भिंगात.

आता मुद्द्याचं. मोतीबिंदूत आत जातं ते कारखान्यात बनलेलं भिंग. छेद तीन मिलिमीटरच्या आतला, बहुतेक वेळा टाकासुद्धा लागत नाही. बुबुळाच्या ऑपरेशनात दुसऱ्या माणसाचा जिवंत गोल तुकडा आपल्या डोळ्यावर शिवतात. भावाला 16 टाके होते, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याचे. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ते पारदर्शक. त्यामुळेच शरीर परका तुकडा बऱ्यापैकी खपवून घेतं, आणि त्यामुळेच जखम भरायला महिनोन्‌महिने लागतात. तोवर सगळी भिस्त टाक्यांवर.

बागायतदाराला हे लगेच समजतं. मांडवाची एक तार जास्त ताणली की मांडव त्या अंगाला ओढला जातो. टाक्यांची ओढ कमी-जास्त असली की बुबुळ तसंच वाकतं आणि तिरपा नंबर येतो. मग डॉक्टर बुबुळाचा नकाशा काढून बघतात आणि काही महिन्यांनी एकेक टाका काढायला लागतात. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. दर वेळी ओढ बदलते, नंबर बदलतो. आणि लोक दहाव्या दिवशी विचारतात, "टाके निघाले का?" अहो, गुडघा फुटला होता का?

माझा खरा राग चष्म्यावर. दुसऱ्याच महिन्यात एका दुकानाने त्याला महागडा चष्मा करून दिला, ऑपरेशन कसलं झालं हे न विचारता. पुढचे दोन टाके निघाले आणि तो चष्मा ड्रॉवरमध्ये गेला. टाके निघाल्यावरही कुणाकुणाला चष्मा पुरत नाही, कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. त्याला ऑपरेशन फसलं म्हणत नाहीत.

"पण आमच्या ओळखीच्यांना महिन्याभरात दिसायला लागलं!" असेलही. त्यांच्या बुबुळाचा फक्त आतला पातळ थर बदलला असेल, डीसेक किंवा डीमेक नावाच्या ऑपरेशनाने. त्यात हवेचा बुडबुडा सोडून थर चिकटवतात, उताणं झोपवून ठेवतात, टाके अगदी थोडे. नजर पुष्कळच लवकर येते. तुलना करायची तर आधी कुठलं ऑपरेशन झालं ते विचारा.

नजर वर-खाली होणं ठरलेलंच, मग घाबरायचं कधी? वहिनीने यावर साधा उपाय काढला. रोज सकाळी त्याच खुर्चीत बसून, दुसरा डोळा झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची. कालपर्यंत वाचता येत होती ती आज पुसट झाली, डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा दुखायला लागलं, तर त्याच दिवशी नाशिक गाठायचं. सोमवारची वाट बघायची नाही. शरीर तुकडा नाकारायला लागलेलं असू शकतं, आणि वेळेत गेलं तर पुष्कळदा तो वाचतो. हा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त, पण नंतरही कायमचा टळत नाही. मोतीबिंदूच्या भिंगाला हे दुखणंच नाही.

म्हणूनच "आता बरं वाटतंय" म्हणून थेंब बंद करणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टर हळूहळू कमी करतात, कधी कधी वर्षानुवर्षं चालू ठेवतात. त्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून दाब तपासून घ्यायचा. त्यांनी मोतीबिंदूही होऊ शकतो. झाला तर ते ऑपरेशन तुम्हाला पाठ आहेच.

भावाचे आता तीन टाके उरलेत. छाटणीला तो जाड काचांचा गॉगल लावून उतरतो, कारण शिवलेला जोड मूळच्या बुबुळाइतका पक्का कधीच होत नाही. दहा वर्षांनीसुद्धा जोराचा मार लागला तर उसवू शकतो. परवा बांधावरून एकाने हटकलं, "आता दिसतंय ना, मग गॉगल कशाला?"