वणव्याआधी लावायची आग

१३ जानेवारी १९३९. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात रानंच्या रानं पेटली. त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत ७१ जणांचा बळी गेला. चौकशी करणारे न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांनी स्पष्ट लिहिलं, की या आगी माणसांनीच लावलेल्या होत्या. तरीही मोठ्या वणव्याला जळण उरू नये म्हणून पालापाचोळा वेळच्या वेळी, ठरवून जाळावा, अशी शिफारस त्यांनीच केली.

यात नवीन काहीच नव्हतं. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं थंड दिवसांत रान तुकड्यातुकड्यांनी जाळत आले होते. गोऱ्यांच्या वसाहतीने त्यांना जमिनीवरून हुसकावलं आणि हे जाळणंही बहुतेक ठिकाणी थांबलं. पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी १९६९ मध्ये या जाळण्याला शेतीचा दर्जा दिला, तोवर फार उशीर झाला होता.

दरम्यान वनखात्यातले संशोधक ॲलन मॅकआर्थर रानात मुद्दाम छोट्या आगी लावून त्यांचा वेग मोजत होते. त्यातून एक गोल चकती तयार झाली. तापमान, हवेतला ओलावा, वारा आणि दुष्काळ जुळवून ती फिरवली, की धोक्याचा आकडा मिळे. १०० म्हणजे १९३९ च्या त्या दिवसासारखा दिवस. पण छोट्या आगीवरून मोठ्या वणव्याचा अंदाज कमीच निघतो. १९९० च्या दशकाअखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रायोगिक आगी लावल्यावर कळलं, की पाचोळा किती आहे एवढंच पाहून भागत नाही. झुडपं किती उंच, जमिनीलगतचा थर कसा, हेही पाहावं लागतं. त्यात निलगिरीच्या पेटत्या साली वाऱ्याने कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. मग आग अडवायला आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, म्हणजे जाळरेषा, कसली टिकणार?

७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात धोक्याचा आकडा १०० च्याही पुढे गेला आणि १७३ माणसं मेली. चौकशी आयोगाने दरवर्षी किमान ५ टक्के सरकारी जमीन जाळायला सांगितलं. पुढे हे उद्दिष्ट सोडावं लागलं, आणि ते योग्यच झालं. गावापासून दूरची, सोपी जमीन जाळूनही टक्के भरतात.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत, अर्नहेम लँड या प्रदेशाच्या पश्चिम भागात, २००६ पासून मूळ रहिवासी रेंजर आणि शास्त्रज्ञ सुमारे २८,००० चौरस किलोमीटर मुलखात एकत्र काम करताहेत. पावसाळा संपल्यावर, गवतात ओल असतानाच आग लावायची. मग कोरड्या मोसमाअखेरचे भडके कमी होतात, हवामान तापवणारा मिथेन वायूही कमी सुटतो आणि त्या बचतीचे पैसे रेंजरना मिळतात. दक्षिणेत मात्र हे जसंच्या तसं चालत नाही. तिथे घरं रानाला खेटून आहेत, आणि सुरक्षितपणे जाळता येईल असे दिवस वर्षात मोजकेच मिळतात.