पाइपच्या गॅसला जोर नाही? आधी जेट पाहा

इंदूरमध्ये ज्या घरात सिलेंडर जाऊन पाइपचा गॅस येतो, तिथे लवकरच ऐकू येतं: "याला जोरच नाही, पोहे वाफवायलाही वेळ लागतो." बोल गॅसला लागतो. दोष बहुतेकदा शेगडीखालच्या जेटचा, म्हणजे ज्याच्या बारीक छिद्रातून गॅस बर्नरकडे सुटतो त्या पितळी तोंडाचा असतो.

सिलेंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. एक लिटर प्रोपेन पुरतं जळायला सुमारे 24 लिटर हवा लागते, ब्यूटेनला 31, मिथेनला साडेनऊ. उष्णताही साधारण त्याच मानाने कमी. शिवाय सिलेंडरच्या रेग्युलेटरनंतर दाब 30 मिलिबार, तर पाइपच्या गॅसचा सहसा 21. मिथेन हलका असल्याने छिद्रातून वेगाने सुटतो, एवढी एक सवलत. हा सगळा हिशेब मांडला की तेवढ्याच आचेसाठी छिद्राचं क्षेत्रफळ साधारण दुप्पट लागतं, म्हणजे व्यास 1.4 पट: 0.7 मि.मी.च्या जागी 1 मि.मी.

खरी गंमत यानंतर. शेगडीत हवा ढकलायला पंखा नसतो. जेटमधून सुटलेली गॅसची बारीक धार मिश्रणनळीत शिरताना भोवतालची हवा स्वतःबरोबर ओढते. छिद्र मोठं केलं तर गॅस क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, ओढलेली हवा मात्र जेमतेम त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. जेटमध्ये कचरा अडकला म्हणून कुणी शिवणाची सुई फिरवली आणि मऊ पितळ झिजून 0.70चं 0.75 मि.मी. झालं, तर गॅस 15 टक्के वाढतो, हवा फार तर 7 टक्के. शेंडे पिवळे पडतात, पातेल्याची बूडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. कचरा काढायचा तर जेट पान्याने सोडवून उलट बाजूने फुंकावा.

जुनं जेट ड्रिलने हातानेच मोठं करून देणारे फिटर भेटतात. छिद्र तिरकं पडलं की धार नळीच्या मधोमध न जाता भिंतीला घासते, हवा कमी ओढली जाते आणि ज्योत एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला निळी दिसते. असं दिसलं तर जेट बदलाच. उलट, हवा जास्त झाली की ज्योत बर्नरच्या छिद्रांवरून उचलली जाऊन फरफरते. तेव्हा हवेची झडप थोडी बंद करायची. आणि मंद आचेवर मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 सें.मी.हून, कमी झाला तर ज्योत 'फट्' करून आत शिरते आणि जेटच्या तोंडाशीच जळत राहते. लगेच कॉक बंद करा. बर्नर निवला की पुन्हा पेटवा.

पाइपला चुंबक लावून गॅस वाचवण्याची जाहिरात करणाऱ्यांना एवढंच विचारा: हवा किती वाढली? मिथेनच्या रेणूला चुंबकाशी देणंघेणं नाही.

भारतीय मानकानुसार एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के हवी, पण ती ठरलेल्या मापाच्या भांड्यावर मोजतात. घरात ज्योत भांड्याच्या कडेबाहेर आली की आकडा घसरतो. जाळी बसून भांडं फार खाली आलं, तर ज्योतीचा निळा गाभा थंड बुडाला टेकून ज्वलन अर्धवट राहतं. फार वर असेल तर उष्णता बाजूने निसटते. म्हणून शेगडीची जाळी बदलताना जुन्या जाळीची उंची मोजून घ्या.