वैयक्तिक कर्करोग लसीचा दीर्घकालीन पुरवठा

रुग्णाच्या स्वतःच्या गाठीवरून, फक्त त्याच्यासाठी बनवलेल्या लसीला वैयक्तिक कर्करोग लस म्हणतात. बहुतेक वेळा ती शस्त्रक्रियेनंतर, रोग उलटू नये म्हणून दिली जाते. असे औषध दुसऱ्या कोणाला चालत नाही, त्यामुळे पुढचे डोस कुठून येणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो.

जुन्या लसींत याचे उत्तर गाठीच्या आकारावर ठरे. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी रशियात २००८ मध्ये मान्यता मिळालेल्या व्हिटेस्पेन या लसीचे प्रथिन रुग्णाच्या गाठीतूनच वेगळे काढत. आधी दर आठवड्याला एक असे चार डोस, मग दोन आठवड्यांनी एक, कुप्या संपेपर्यंत. म्हणजे गाठ लहान असतानाच रोग हाती लागला, तर लसही कमी मिळे. ही मोठीच अडचण होती. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरील डीसीव्हॅक्स-एलमध्ये सगळे डोस एकदमच बनवून गोठवतात. सुरुवातीला ते लवकर लवकर आणि नंतर सहा-सहा महिन्यांनी देतात.

एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) वापरणाऱ्या लसीने ही मर्यादा बरीच सैल केली. गाठीचा डीएनए रुग्णाच्या निरोगी पेशींच्या डीएनएशी ताडून पाहतात आणि त्यातले निवडक बदल लसीत उतरवतात. मॉडर्ना-मर्कच्या लसीत ३४ पर्यंत. गाठ संपली तरी या बदलांची जनुकीय क्रमवारी संगणकात राहते, त्यामुळे तीच लस पुन्हा बनवता येते. मात्र एका माणसासाठीच्या प्रत्येक घाण्याची (बॅचची) स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि कुपीची अदलाबदल अजिबात चालत नाही. शिवाय उलटलेल्या रोगात पेशी बदललेल्या असतील, तर जुनी क्रमवारी अपुरी पडू शकते. गाठीचा नवा तुकडा काढून त्याचा डीएनए पुन्हा वाचावा लागतो.

मग जन्मभर डोस लागतात का? आतापर्यंतचे पुरावे तरी आशादायक आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांना बायोएनटेक कंपनीची वैयक्तिक एमआरएनए लस दिली. त्यांतल्या ८ जणांच्या टी पेशी (कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) जाग्या झाल्या. सुमारे ३ वर्षांच्या पाठपुराव्यात या आठांपैकी दोघांचाच रोग उलटला, तर प्रतिसाद न दिलेल्या आठांपैकी सातांचा. जाग्या झालेल्या टी पेशींच्या वंशाचे सरासरी आयुष्य ७.७ वर्षे असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. चाचणी छोटी आहे, पण स्वादुपिंडासारख्या निर्दय कर्करोगात हे आकडे दुर्लक्षण्याजोगे नाहीत. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधाच्या जोडीला मॉडर्ना-मर्कच्या लसीचे जास्तीत जास्त ९ डोस होते. तीन वर्षांनंतर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका, नुसते पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी दिसला.

पुरवठा उत्पादकाच्या आर्थिक तब्येतीवरही अवलंबून असतो. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून बनणाऱ्या प्रोव्हेंज या लसीला अमेरिकेत २०१० मध्ये प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्यता मिळाली. २०१४ मध्ये तिच्या उत्पादक डेंड्रिऑनने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी नव्या मालकाकडे गेली म्हणून उत्पादन चालू राहिले.