ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल खरंच ‘लाइफटाइम’ असतं का?

टोलनाक्याच्या रांगेत एसयूव्ही उभी आहे. लिव्हर ‘डी’वर, पाय ब्रेकवर. इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेरे मारतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. मॅन्युअल गाडी अशी गिअरमध्ये ठेवून क्लच सोडला, तर ती तिथेच आचका देऊन बंद पडते. ऑटोमॅटिक पडत नाही, कारण त्या वेळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा दुवा लोखंडाचा नसतो, तेलाचा असतो. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल घुसळून समोरच्या पात्यांवर फेकतं आणि त्या माऱ्याने पुढचं चाक फिरू पाहतं. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. त्याचं मूळ तत्त्व हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली पेटंट केलं होतं, तेही मोटारींसाठी नाही, जहाजांसाठी.

गिअर बदलण्याचं कामही तेलच करतं. पंपाने दाब दिलेलं तेल व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे झडपा बसवलेल्या ठोकळ्याच्या, चिंचोळ्या, नागमोडी वाटांतून योग्य त्या क्लचपर्यंत जातं आणि त्याच्या प्लेटा एकमेकींवर दाबतं. या प्लेटांवरचं अस्तर चक्क कागदाच्या जातीचं असतं: सेल्युलोजचे तंतू रेझिनमध्ये मुरवून केलेलं. म्हणजे तेल झीज थांबवण्याइतकं निसरडंही हवं आणि प्लेटा पकडतील इतकं ‘धरणारं’ही हवं. एकेकाळी हा तोल सांभाळायला तेलात स्पर्म व्हेलची चरबी मिसळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तिच्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं.

या तेलाचा खरा वैरी किलोमीटर नाही, उष्णता. एरवी ते ८०-९० अंश सेल्सिअसला सुखात असतं. पण सात माणसं, टपावर सामान, खंबाटकीचा चढ आणि पुढे रखडत चाललेला कंटेनर अशी अवस्था आली, की चित्र पालटतं. सपाट रस्त्यावर वेग धरला की कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो. रांगत्या वेगात तो सहसा जोडला जात नाही. मग तेल घसरत राहतं आणि चाकांपर्यंत न पोचलेली ताकद उष्णता बनून तेलातच उतरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. जळकं तेल चिकट थर सोडतं, व्हॉल्व्ह अडखळतात. ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून झटका द्यायला लागली, तर कारण बहुधा इथेच कुठेतरी असतं.

आता ‘लाइफटाइम’ या शब्दाकडे येऊ. अनेक गाड्यांच्या बाबतीत हे तेल बदलायचंच नाही, असं सांगितलं जातं. पण बीएमडब्ल्यूसह कित्येक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. आपल्याकडची ट्रॅफिक, धूळ, घाट पाहता मी तर साठ हजारांनंतर वाट पाहणार नाही. गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे तेलाचं बिल किरकोळ वाटतं.

बदलताना एक मेख आहे. ड्रेन प्लग उघडला तरी बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. एका खेपेला जेमतेम निम्मं निघतं. म्हणून गाडी थोडी चालवून पुन्हा एकदा काढ-भर करावी लागते. मशीन लावून दाबाने केलेल्या फ्लशिंगपेक्षा मला हे बरं वाटतं. गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, म्हणजे पॅन, काढला असेल तर तळाचे लोहचुंबक बघून घ्या. त्यांच्यावरचा करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा गाळ ही रोजची झीज. धातूचे कण टोचले तर मात्र मामला गंभीर. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच हवं: टोयोटाच्या अनेक गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या कितीतरी गाड्यांना एसपी-फोर. सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा) आणि डीसीटी (दोन क्लचचा) या गिअरबॉक्सचं तेल आणखी निराळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांना या तेलाची पातळी बघायची डिपस्टिकच नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल ठरलेल्या तापमानाला आणि पातळी तपासायच्या प्लगमधून ते थेंबथेंब ओघळू लागलं की पातळी बरोबर, अशी ती रीत. रस्त्याकडेला अंदाजाने टॉपअप करून भागत नाही.

गाडी बंद पडली तर दोरी बांधून टोचन करू नका. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो, पण ओढल्या जाणाऱ्या गाडीची चाकं आतले गिअर फिरवतच राहतात, तेही तेलावाचून. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून न्यावी. फोर बाय फोर असेल तर फ्लॅटबेडच मागवावा.